पक्कड गेली

धक्क्यावर सगळे तिला कात्री म्हणत. तोंडावर नव्हे, तेवढी छाती कुणाची नव्हती. पाठीमागे म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. जाळी सांधणाऱ्या बाईच्या कमरेला कात्री असायचीच, म्हणून हे नाव पडलं असं एखाद्या नवख्याला वाटेल. पण कमरेला कात्री धक्क्यावरच्या सगळ्याच बायकांच्या होती. हिची तोंडात होती. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की ही ते कापायची, उरलेलं स्वतः पुरं करायची आणि वर त्याचं उत्तर देऊन मोकळी व्हायची. पंचाईत अशी की उरलेलं वाक्य बहुतेक वेळा ती बरोबर ओळखायची. त्यामुळे सवय मोडायचं काही कारणच नव्हतं.

बंदराच्या कचेरीतल्या साहेबांना ही कात्री चांगली लागली होती. जाळी सांधायच्या बायका तेव्हा उघड्यावर बसायच्या, डोक्यावर पदर आणि पदरावर ऊन. शेड हवी म्हणून त्यांनी अर्ज केले, विनवण्या केल्या. साहेब म्हणाले, बघू. पुन्हा गेल्या, साहेब म्हणाले, वरून यायला हवं. मग एक दिवस सकाळी कात्री सगळ्या बायकांना घेऊन कचेरीत आली आणि दरवाज्यात फतकल मारून बसली. मोठं जाळं या खांबापासून त्या खांबापर्यंत पसरलं आणि सुया चालू झाल्या. साहेब बाहेर निघाले तर पायाखाली जाळं.

"हे काय चाललंय?"

"काम चाललंय साहेब. इथे सावली बरी आहे. तुम्ही जपून या हं, अडकाल. अडकलात तर कापून काढू आम्ही, पण मग जाळं परत सांधावं लागेल."

शेड झाली. पाण्याचा नळ झाला. दिवासुद्धा लागला. उपकार कुणीच केले नव्हते, कात्रीने ते ओढून आणलं होतं, आणि शेडच्या उद्घाटनाला साहेबांच्या गळ्यात हार पडला तेव्हा तिने तेही सर्वांसमोर बोलून दाखवलं. साहेबांचं वाक्य तेव्हा "आम्हाला आनंद होत आहे की" इथवर आलं होतं.

अशा बाईच्या नवऱ्याला लोक पक्कड म्हणत. कात्री आणि पक्कड एका पेटीत राहतात कसे, हा धक्क्यावरचा जुना विनोद. पण त्याचं नाव विनोदातून आलेलं नव्हतं. कात्रीचा धाकटा भाऊ पोरवयात दुसऱ्या कुणाच्या होडीवर कामाला लागला होता. एकदा दोराचा वेढा पायात आला आणि जाळ्याबरोबर तोही पाण्यात गेला. होडीवरच्या एका मुखदुर्बळ तरुणाने वाकून त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने दोर कापला. लाटा होडीला हेलकावे देत होत्या, तरी धरलेलं सोडलं नाही. पोराला वर घेतलं, होडी धक्क्याला लागली, तरी सोडलं नाही. शेवटी लोकांनी त्याची बोटं एकेक करून उलगडली. पोराच्या मनगटावर जांभळे वळ उठले होते. ते वळ बघून त्याची बहीण तरातरा चालत धक्क्यावर आली. एवढ्या जोराने धरतात का कुणाला, म्हणून भांडायला लागली. तो म्हणाला, "सुटला असता." एवढंच. तिला उत्तर सुचलं नाही. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. पुढे त्यांचं लग्न झालं, आणि तिचा तो भाऊ नि तिचा नवरा दोघांनी मिळून स्वतःची होडी केली.

होडीवर दोघंच. मेहुणा पुढे उभा राहून जाळं पाण्यात सोडायचा. हा मागे, इंजिनापाशी. तिथे लाकडी म्यानात एक सुरी अडकवलेली असायची. त्या जागेला ते दोघं सुरीची जागा म्हणत आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाशिवाय त्या सुरीला कुणी हात लावत नसे. जाळं सुटत असताना दोर सापासारखा सरसर जातो. कुणाचा पाय त्यात आला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. त्या वेळी मागच्याने दोर कापायचा, बस्स. पुढचा माणूस मागे वळून बघत नाही. बघायची गरज पडू नये, म्हणूनच मागे माणूस असतो.

होडी त्या दिवसांत किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. बुडाला रंग, इंजिनाला तेल, जाळ्यांना टाके, अशी सगळी उस्तवार चालू होती. हंगाम तोंडावर आला होता. दुपारी कात्री उंबऱ्यात बसून एका फाटक्या जाळ्याला टाके घालत होती. नवरा शेजारी बसून विणायच्या सुईत दोरा भरत होता. फार हळू भरत होता, पण तिचं लक्ष फाटलेल्या भोकात होतं.

"अगं," तो म्हणाला.

"हं."

त्याने सुईवर भरलेला दोरा पुन्हा उलगडला. मग म्हणाला, "पक्कड गेली."

तिने सुई जाळ्यात खुपसली आणि मान वर केली. "गेली? परत? अहो, समुद्राच्या तळाशी दुकान टाकायचंय का तुम्हाला? मागची पक्कड तशीच गेली, त्याच्या आधीची ती पिवळ्या मुठीची, तीही गेली. माशांनी आता गॅरेज काढलं असेल खाली!"

"तसं नाही, मी म्हणत होतो की..."

"की दोरी बांधली नव्हती. मला माहितीये. किती वेळा सांगितलं, अवजाराला दोरी बांधा, अवजाराला दोरी बांधा. पण नाही. माझं ऐकलं तर समुद्र आटेल ना! आणि हंगाम आला डोक्यावर. तोंडातला गळ काय दाताने काढणार आहात माशाच्या? उद्या चला दुकानात. सुरीही जुनी झालीय, कात्रीही हवी, एकदम सगळंच घेऊ."

त्याने हातातल्या सुईकडे बघितलं. "बरं," म्हणाला.

त्या एका वाक्यासाठी तो कितीतरी दिवस धीर गोळा करत होता, हे तिला कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

सकाळी निघताना मापाला म्हणून जुनी कानस बरोबर घ्यावी, असं तिच्या मनात आलं. तिने अवजारांची पेटी उघडली. कानशीच्या खाली, तेलकट फडक्यात नीट गुंडाळलेली, पक्कड. तीच. गेलेली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात पेटीत ठेवायची आणि मला सांगायचं गेली! म्हणजे मी बडबडले ती फुकटच! आरडाओरडा करायला तोंड उघडलंच होतं, पण तिने ते मिटलं. इतका चांगला दारूगोळा घरात कशाला उडवायचा? दुकानात, चारचौघांत, पक्कड काउंटरवर ठेवायची आणि विचारायचं, कप्तान, ही कोण? तिने पक्कड पिशवीत टाकली आणि मनातल्या मनात खूश होऊन निघाली.

अवजारांचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. पुढे अरुंद, आत बोगद्यासारखं लांब. छताला दोरांची वेटोळी, भिंतीला खिळ्यांवर टांगलेली हत्यारं, आणि प्रत्येक हत्याराच्या मागे भिंतीवर त्याचीच आकृती रंगवलेली, म्हणजे विकलं गेलं की कुठली जागा रिकामी हे कळावं. दुकानदार पूर्वी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. चष्मा दोरीने गळ्यात, बोटांच्या रेघांत कायमचं काळं तेल.

"या ताई, या कप्तान. आज कुणाचं काय कापायचंय?"

"आधी पक्कड दाखवा," कात्री म्हणाली. "मजबूत. गंजली तर तुमच्या दारात आणून टाकीन. आणि लांब चोचीची हवी, गळ माशाच्या घशातून निघाला पाहिजे."

दुकानदाराने भिंतीवरून एक काढून कप्तानाच्या पुढे धरली. जाड पोलादी, वजनदार. "अख्ख्या धक्क्यावर हीच चालते."

नवऱ्याने ती उजव्या हातात घेतली. मिटली. उघडायला गेला तेव्हा ती उघडली नाही, डाव्या हाताने उघडावी लागली. पुन्हा मिटली. आणि पक्कड त्याच्या हातातून निसटून खाली फरशीवर पडली, कात्रीच्या पायाशी. केवढा आवाज झाला.

"हात ओला होता," तो म्हणाला.

हात कोरडा होता. कात्रीचं तोंड उघडलं होतं, एक हात पिशवीत, पिशवीतल्या त्या जुन्या पकडीवर. आत्ता, हाच तो क्षण. आणि तिची नजर त्याच्या हातावर गेली. तो हात तिने रोज बघितला होता, म्हणजे बघितलाच नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी तळव्याची जी भरीव गादी असते, तिथे खड्डा पडला होता. कातडी आत ओढली गेली होती. बोटं किंचित वाकलेली, जणू दिसत नाही असं काहीतरी धरून बसलेली.

मग एकेक गोष्ट आपल्या पायाने चालत तिच्यासमोर येऊन उभी राहिली. चहाचा कप हल्ली तो दोन्ही तळव्यांत धरायचा, तिला वाटलं गारठा आहे. शर्टाचं वरचं बटण उघडं असायचं, तिला वाटलं गबाळेपणा. काल तो दोरा भरायला एवढा वेळ लागला. पक्कड गेली. पेटीतली नव्हे. हातातली गेली होती. जिच्यावर ती भाळली होती ती, जिच्यावरून लोकांनी त्याला नाव दिलं ती. आणि तो सांगत होता, सांगायला बसला होता, आणि तिने कच्चकन ते वाक्य कापलं आणि वर माशांचं गॅरेज काढलं.

तिने पिशवीतून हात बाहेर काढला. रिकामा.

दुकानदार वाकून पक्कड उचलत होता. "ही वजनाला जास्त होते का कप्तान? कुणासाठी हवीय म्हणालात?"

नवऱ्याचा चेहरा असा झाला होता, जसा ओहोटीला होडी चिखलात रुतल्यावर होडीवाल्याचा होतो.

"माझ्यासाठी," कात्री म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं.

"माझा हात आताशा नीट चालत नाही," ती म्हणाली. "अंगठा दगा देतो. हे माझ्यासाठी निवडतायत. मला काय विचारता, यांना विचारा. माझ्या हाताचं यांना सगळं ठाऊक आहे."

दुकानदाराने चष्म्यावरून तिच्या हाताकडे बघितलं. ह्या हाताने मागे एकदा त्याच्या दुकानातला जाड दोर साध्या कात्रीने एका दमात कापला होता, हे त्याला चांगलं आठवत होतं. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. माणूस शहाणा होता.

"असं होय," तो म्हणाला. "सांगा मग कप्तान. ताईंच्या हाताला होतं तरी काय?"

नवरा काउंटरच्या काचेकडे बघत राहिला. कात्री थांबली. जिभेचं टोक दातांत धरून थांबली.

"सकाळी मिटत नाही तिचा हात," तो शेवटी म्हणाला. "उन्हात जरा शेकला की मिटतो. पण पाणी गार असलं की अंगठा आणि बोट एकमेकांना ओळख देत नाहीत."

"हं. दुखतो?"

"दुखला असता तर बरं झालं असतं. दुखत नाही. वस्तू धरलीय की सुटलीय ते हाताला कळतच नाही. डोळ्यांनी बघितल्यावर कळतं."

"कधीपासून?" हा प्रश्न कात्रीने विचारला. स्वतःच्या हाताबद्दल. दुकानदार लगेच एका खणात डोकं घालून काहीतरी शोधू लागला.

"गेल्या हंगामाच्या आधीपासून."

"मग बोलली का नाही ती?"

"घाबरते."

"ती? घाबरते?"

"घाबरते," नवरा म्हणाला. आता तो तिच्याकडे बघून बोलत होता. "होडीवर पुढे तिचा भाऊ असतो. तो मागे वळून बघत नाही. त्याला वाटतं मागे हात आहे. उद्या दोर त्याच्या पायाला लागला आणि ही सुरी उपसायला गेली आणि सुरी अशी खाली पडली, तर? रात्री झोपेत ती तो आवाज ऐकते. आणि सांगितलं तर ती किनाऱ्यावर. किनाऱ्यावर बसून ती करणार काय? तिला दुसरं काही येत नाही."

कात्रीने यातलं एक अक्षरही कापलं नाही. खणातून डोकं काढता काढता दुकानदाराला ते जाणवलं. इतक्या वर्षांत त्याने तिला गप्प उभी राहिलेली बघितली नव्हती.

मग तिने पदराने नाक पुसलं आणि बाह्या सरसावल्या. "शेठ, ती वजनदार ठेवा बाजूला. माझ्या हाताने अवजार धरायचं नाहीये. माझ्या हाताला धरेल असं अवजार द्या. आणि बादलीत पाणी आणा, थोडा साबण टाका त्यात. कोरड्या दुकानात काय कुठलंही चालतं. होडीवर कोरडं काय असतं?"

बादली आली. काउंटरवर अवजारांची रांग लागली. दुकानदाराने आधी एक चकचकीत वस्तू उघडून दाखवली, तिच्यात पक्कड, सुरी, कात्री, पाना, करवत सगळं घडीत बसवलेलं.

"यात चहापण होतो का?" कात्री म्हणाली.

"उघडायला नख लागतं," नवरा म्हणाला. "आणि अंगठा. नको." साबणाच्या पाण्यात हात बुडवून त्याने एक घडीची सुरी घेतली. तीही अंगठ्याशिवाय उघडेना. "हीही हिला नको."

तो हिला, हिचा असंच म्हणत राहिला. पण आवाजातला ताण कमी होत गेला. साबणाच्या पाण्यातून हात काढून त्याने एकेक पक्कड घेतली, मिटली, उघडली, परत ठेवली. ज्या दोन पडल्या त्या दुकानदाराने गुपचूप उचलून ठेवल्या. शेवटी एक हलकी निघाली. मुठी लांब, त्यामुळे थोडक्या जोराने काम होई. मुठींवर खरखरीत रबर आणि टोकाला ओठासारखी कड, म्हणजे हात पुढे घसरायचा नाही. आतमध्ये स्प्रिंग. मिटायचं आपण, उघडायचं काम स्प्रिंगचं.

त्याने ती मिटली. स्प्रिंगने ती आपोआप उघडली. पुन्हा मिटली. पुन्हा उघडली. त्याने ती कितीतरी वेळा उघडमीट केली.

"अर्धं काम हीच करते," तो म्हणाला.

"संसारात मी नाही करत?" कात्री म्हणाली, आणि तो हसला. थोडासा, पण हसला.

"या पकडीला मनगटाला अडकवायची दोरी आहे," दुकानदार म्हणाला.

"मनगटाला नको," नवरा लगेच म्हणाला, आणि आता तो पुन्हा पूर्वीचा कप्तान होता. "अवजार दोरात गुंतलं तर हातालाही घेऊन जाईल. दोरी लांब द्या, आम्ही होडीच्या दांड्याला बांधू. आणि रंग भडक द्या, नारिंगी. होडीच्या तळातल्या पाण्यात काळी मूठ दिसत नाही."

"ऐकलंत?" कात्री दुकानदाराला म्हणाली. "दोरी बांधायचं माझं म्हणणं होतं हो पहिल्यापासून."

कात्रीही झाली, बोथट टोकाची, होडी हलली तरी कुणाच्या पोटात न घुसणारी, आणि बोटांसाठी मोठमोठी भोकं असलेली. राहिली सुरी. सगळ्यांना ठाऊक होतं की राहिली ती हीच. दुकानदाराने चार सुऱ्या ठेवल्या. नवऱ्याने साबणाच्या हाताने पहिली धरली आणि खाली ठेवली, दुसरी धरली आणि ठेवली. तिसरी धरायला हात पुढे गेला नाही.

"शेठ," कात्री हळू म्हणाली, "मुठीत आवळावी लागणार नाही अशी नाही का हो काही?"

दुकानदार शिडी लावून वर चढला आणि धूळ बसलेल्या खोक्यातून एक वेगळंच हत्यार घेऊन उतरला. पातं सरळ नव्हतं. चोचीसारखं आत वळलेलं, धार वळणाच्या आतल्या बाजूला. आणि मुठीच्या टोकाला दोन बोटं जातील एवढी कडी. "ही आवळायची नाही. कडीत बोटं घालायची, दोर चोचीत घ्यायचा आणि सगळा दंड मागे खेचायचा. जोर हाताच्या पंजाचा नाही. खांद्याचा."

त्याने दोराचा तुकडा खांबाला बांधला, दुसरं टोक कात्रीच्या हातात दिलं. नवऱ्याने ओल्या हाताची दोन बोटं कडीत घातली, चोच दोराला लावली आणि खेचली. दोर तुटून कात्रीच्या हातात आला.

नवरा त्या कापलेल्या टोकाकडे बघत उभा राहिला. मग दुकानदाराकडे पाठ करून भिंतीवरच्या रंगवलेल्या हातोड्यांच्या आकृत्या बघू लागला. फार मन लावून बघत होता. दुकानदाराने वस्तू कागदात बांधायला मुद्दाम वेळ लावला.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "डॉक्टरला दाखवायचं."

"दाखवू."

"आजच विचारून ठेवते. भावाला मी सांगते."

"नको."

"अहो, मी सांगितलं तर तो..."

"तू सांगितलंस तर ते तू सांगितलेलं होईल," तो म्हणाला. "मी नाही."

धक्क्याच्या पलीकडे, वाळूत तिरक्या उभ्या होडीखाली मेहुणा पाठीवर झोपून बुडाला रंग लावत होता. अंगावर निळे शिंतोडे. त्यांना बघून सरपटत बाहेर आला. "आलात? झाली खरेदी? ताईने दुकानदाराला जिवंत ठेवलाय ना?"

कुणी हसलं नाही, तसा तो उठून उभा राहिला.

"माझी पक्कड गेली," नवरा म्हणाला.

"परत? कुठे पाडलीत भाऊजी? मला वाटतं त्या दिवशी आपण बोया बदलत होतो तेव्हाच..."

"गप्प!" कात्री ओरडली. वाळूत बसलेला एक कुत्रासुद्धा उठला. "त्यांचं वाक्य संपलेलं नाही अजून."

मेहुण्याने तोंड उघडं ठेवून बहिणीकडे बघितलं. दुसऱ्याच्या वाक्याची तिला ही काळजी! मग तो भाऊजींकडे वळला, आणि नवऱ्याने सांगितलं. आपलं म्हणूनच सांगितलं. सकाळी न मिटणारा हात, एकमेकांना न ओळखणारी बोटं, ती पडणारी सुरी. सांगताना हात पुढे धरला होता. अडखळला, थांबला, पुन्हा सुरू झाला. फार वेळ लागला. कात्रीने मध्येच एकदाही शब्द पुरवला नाही. पायाच्या अंगठ्याने ती वाळू उकरत होती.

मेहुण्याच्या हातातल्या ब्रशमधून निळा थेंब वाळूवर पडला. त्याने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, जिथे आता काहीही नव्हतं.

"गेल्या हंगामभर माझ्या मागे तुम्ही असेच उभे होतात?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"नाही."

"चुकलं तुमचं," मेहुणा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण तो बोलताना भाऊजींकडे बघत नव्हता. मग ब्रश डब्यात टाकून होडीवर चढला. "या वर."

लाकडी म्यानातली जुनी सुरी काढून त्याने त्या जागी नवी, चोचीची, अडकवली आणि लांब दोरीने दांड्याला बांधली. एका जुन्या दोराचं टोक स्वतःच्या घोट्याभोवती वेढलं, दुसरं टोक खाली बहिणीकडे फेकलं. "ताई, ओढ. खरंच ओढ, लाड करू नकोस." आणि पुढे जाऊन, जाळं सोडताना उभा राहतो तसा, पाठ करून उभा राहिला.

तिने ओढलं. भावाचा पाय खेचला गेला, तो फळीवर आपटला, तिने डोळे मिटले पण ओढत राहिली. नवऱ्याचा हात म्यानाकडे गेला. बोटांना कडी सापडली नाही. बोटं कडीच्या आजूबाजूला फिरली, आंधळ्यासारखी. त्याने वाकून बघितलं, बोटं आत घातली, दोन ढांगांत पुढे आला, चोच लावली, खेचलं.

दोर तुटला आणि कात्री मागे तोल जाऊन थेट रंगाच्या डब्यात बसली.

पहिल्यांदा मेहुणा हसला. फळीवर पडल्या पडल्या, घोटा चोळत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "ताई, हंगामात आम्ही वाट चुकलो तर तू लांबूनच दिसशील!" मग तिचा नवराही हसला. ती दोघांना शिव्या घालत उठली, मागचं सगळं लुगडं निळं, आणि तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

हसणं थांबल्यावर मेहुणा म्हणाला, "कडी सापडली नाही पहिल्यांदा."

"नाही सापडली."

"पाण्यात असतो तर तेवढ्यात मी गेलो असतो."

"हो."

"मग पुन्हा."

पुन्हा केलं. पुन्हा दोर वेढला, तिने पुन्हा ओढलं. कडीला आधी नवऱ्याने चिंधी गुंडाळून बघितली, मग म्यान जरा वर, कोपराच्या उंचीला ठोकलं, म्हणजे हात खाली जाताना बोटं आपोआप कडीत शिरावीत. ऊन कलेपर्यंत जुन्या दोराचे कितीतरी तुकडे वाळूत पडले. हळूहळू त्याने खाली बघायचं सोडलं. शेवटी शेवटी तो मेहुण्याच्या पाठीकडे बघत होता आणि हात आपला आपण जात होता.

"ठीक," मेहुणा म्हणाला. "पण एक ठरवू. रोज होडी सोडायच्या आधी दोराचा एक तुकडा कापायचा. गार सकाळ असेल, हात ऐकत नसेल, कडी चुकली, तर त्या दिवशी मागे मी. तुम्ही पुढे."

"आणि हात मुळीच चालला नाही तर?"

मेहुण्याने घोट्याचा दोर सोडला. "तर त्या दिवशी बघू," म्हणाला. "पण सांगायचं तुम्ही. मी विचारायला येणार नाही."

"सांगेन."

"तुकडे मी आणीन," कात्री खालून म्हणाली. "शेडमध्ये जुना दोर ढीगभर पडलाय."

मेहुणा पुन्हा होडीखाली सरपटला. नवरा खाली उतरला आणि वाळूत तिच्या शेजारी, निळ्या लुगड्यापासून जरा जपून, बसला. तिने पिशवी ओढली आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली जुनी पक्कड काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

"ही गेली नव्हती," ती म्हणाली. "पेटीत होती."

"मला माहीत होतं."

"मग काल म्हणाला का नाहीत, अगं ती नव्हे, दुसरी?"

त्याने पक्कड हातात घेतली. उघडायला डावा हात लागला. तो काहीतरी बोलायच्या बेतात होता. ओठ हलले, थांबले. वाक्य कुठे चाललंय ते तिला दिसत होतं, बरोबर दिसत होतं, शेवटच्या शब्दापर्यंत.

ती थांबली.